‘गोळ्यांसोबत काढाही घ्या’: मूत्रपिंडाच्या रुग्णांना मिळणाऱ्या एका सल्ल्याची तपासणी

मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या रुग्णांपर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका, पण सोबत पुनर्नवा, गोखरू आणि वायवर्ण यांचा काढा घ्या. तीन महिन्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) उतरते, वनस्पतीच असल्यामुळे अपाय नाही, हे उपाय शतकानुशतके चालत आले आहेत आणि डायलिसिसचा धंदा बुडेल म्हणून डॉक्टर ते सांगत नाहीत, असा त्याचा मथितार्थ असतो. गोळ्या बंद करू नका, हे त्यातले पहिले वाक्य योग्यच आहे. मात्र त्याच्या पुण्याईवर पुढची चार विधानेही खरी वाटू लागतात.

क्रिएटिनिन उतरते, हे पहिले विधान पुष्कळदा शब्दशः खरे असते, आणि म्हणूनच ते फसवे आहे. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. निदानाच्या धास्तीने मटण-मासे सोडून जेवण निम्म्यावर आणलेला रुग्ण काही महिन्यांत सात-आठ किलोंनी उतरला, तर स्नायू झडल्यामुळेच अहवालातला आकडा खाली येऊ शकतो. मूत्रपिंड सुधारलेले नसते. जुलाब-उलट्यांमुळे किंवा गुडघेदुखीच्या गोळ्यांमुळे चढलेले क्रिएटिनिनही मूळ कारण दूर झाल्यावर बहुधा उतरते, आणि त्या काळात काढा चालू असेल तर श्रेय काढ्याला जाते. नेहमीच्या उपचारांना वनस्पतींची जोड देऊन अभ्यास झालेच नाहीत, असे मात्र नाही. अ‍ॅस्ट्रागॅलस या चिनी औषधी मुळीवरील 22 अभ्यासांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2014 साली आढावा घेतला. लघवीवाटे जाणारी प्रथिने कमी होण्यासारखे काही आशादायक संकेत त्यात दिसले, पण अभ्यासांचा दर्जा इतका कच्चा होता की त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

‘वनस्पतीच आहे, अपाय कसला?’ हा मुद्दा सर्वांत घातक आहे. रक्तातले पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञ सांगतात की भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या, कारण भाजीतले पोटॅशियम त्यात उतरते. काढा म्हणजे नेमके तेच पाणी, तेही आटवून चतुर्थांश केलेले! पुनर्नवा, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ली जाणारी घेटुळी, पोटॅशियमच्या क्षारांसाठी ओळखली जाते. दुसरीकडे, याच रुग्णांना दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या मूत्रपिंडाचे रक्षण करताना पोटॅशियम थोडे वाढवतात. म्हणजे सल्ल्यातला ‘सोबत’ हा शब्दच धोक्याचा आहे, कारण वाढलेले पोटॅशियम फारशी पूर्वसूचना न देता हृदयाची लय बिघडवते. ज्येष्ठमधाचा मार्ग उलटा. त्याच्या अतिसेवनाने पोटॅशियम घटते, अंगात मीठ-पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. शिवाय पुडीत केवळ वनस्पतीच असते, हेही गृहीत धरता येत नाही. पारा असलेली पारंपरिक औषधे घेणाऱ्यांमध्ये लघवीवाटे प्रथिने वाहून जाणारा मूत्रपिंडाचा एक विशिष्ट विकार आढळल्याचे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी 2022 साली नोंदवले आहे.

शतकांच्या अनुभवाबद्दल. तो खोटा नाही, परंतु अंगावरची सूज किंवा लघवीची जळजळ कमी झाली की नाही, एवढेच त्याने कळू शकत होते. वर्षानुवर्षे लक्षणांविना झिजणारे मूत्रपिंड रक्त-लघवीच्या तपासणीवाचून दिसतच नाही. अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या औषध म्हणून वापरल्या जात होत्या, आपल्याकडची ईश्वरी त्यांपैकीच एक. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली, तेव्हा एका वनस्पतीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया आल्याचे उघड झाले. बाधितांची संख्या शंभराच्या घरात गेली आणि त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. नावांचा असा घोळ आपल्याकडेही आहेच: गोखरू छोटा आणि मोठा, पुनर्नवा तांबडी आणि पांढरी, आणि या जोड्यांतील वनस्पती प्रत्यक्षात वेगवेगळ्या कुळांतल्या.

डॉक्टर लपवतात, या आरोपाचे उत्तर औषधांच्या दुकानात मिळते. डायलिसिस लांबवणारे औषध हाती आल्यावर डॉक्टरांनी ते दडवले नाही. मधुमेहासाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनची 2020 साली प्रसिद्ध झालेली चाचणी 4,304 मूत्रपिंडरुग्णांवर झाली, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हता, आणि निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत ही गोळी, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. मूत्रपिंडाचे कार्य निम्म्याने घटणे, ते निकामी होणे, किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या विकाराने मृत्यू येणे, यांचा एकत्रित धोका या औषधाने 39 टक्क्यांनी कमी केला. भारतात त्याचे मूळ पेटंट त्याच वर्षी संपले आणि अनेक भारतीय कंपन्या ते स्वस्तात विकू लागल्या. आज मूत्रपिंडतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ते सर्रास आढळते.