कॉलेज बदलायचंय? मग मंगळवारी संध्याकाळी जाऊन बघा

लेकीचं कॉलेजचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि तिला तिथे पुढे राहायचं नाहीये. मार्क उत्तम, प्रोफेसर चांगले, मेजर म्हणजे मुख्य विषय आवडीचा, सगळं झ्याक, फक्त माणसं नाहीत. हे मी मंडळात दोघीतिघींना सांगितलं तर एकजण म्हणे, अगं कॉलेजात काय मैत्रिणी जमवायला पाठवलंय का? त्या दिवशी मी गप्प बसले, आता मात्र लिहितेच.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, चांगलंच आहे ते, पण इथे अमेरिकेत ज्याला सूटकेस स्कूल म्हणतात तसलं आहे. म्हणजे शुक्रवारी दुपारी चार वाजले की पार्किंग लॉट रिकामा. निम्मी पोरं गाडीत कपड्यांची पिशवी टाकून घरी, उरलेली फ्रॅट हाउसच्या, म्हणजे मुलांच्या क्लबांच्या घरातल्या, पार्टीला, आणि जिला दोन्हीत रस नाही तिने काय करायचं? आमची डायनिंग हॉलमधून तो हिरवा टू-गो डबा भरून घेते आणि खोलीत लॅपटॉपसमोर बसून जेवते. सुरुवातीला मला वाटलं अभ्यास असेल. मग लक्षात आलं की फोन नेहमी जेवणाच्याच वेळी येतोय, म्हणजे टेबलावर समोर कोणीतरी हवं म्हणून आई. माझं जेवण तेव्हा ओट्यापाशी उभ्यानेच.

आणि कॉलेज बदलणं म्हणजे काही पोरगी वाया गेली असं नसतं हो. अमेरिकेत २००८ साली कॉलेजात शिरलेल्या मुलांपैकी साधारण ३७ टक्के मुलांनी पुढच्या सहा वर्षांत निदान एकदा तरी कॉलेज बदललं होतं. आपल्याकडे पुण्यात एकदा अॅडमिशन झाली की झाली, जे कॉलेज मिळालं तिथेच चार वर्षं, ते डोक्यात घेऊन आपण इथल्या पोरांना सल्ले देतो.

आता कुठे जायचं. तिने स्वतः यादी केली ती अर्थातच रँकिंग उघडून. एनवाययू म्हणजे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, कॉर्नेल आणि शेवटी आईबाबांच्या समाधानासाठी रटगर्स, आमच्या न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी. मी म्हटलं, बाई गं, तू रँकिंगला कंटाळून निघाली आहेस का? नाही ना? आत्ताच्या कॉलेजचं रँकिंगही चांगलंच आहे की. मग ज्या गोष्टीसाठी बदलतेयस ती बघ ना आधी.

माझं मत असं आहे की दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या नवीन मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, इथे तुझ्यासारखे अजून किती येतात. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये सगळेच अनोळखी असतात, एका मजल्यावर राहतात, बावचळलेले असतात, त्यात मैत्री आपोआप होते. दुसऱ्या वर्षी ग्रुप ठरलेले, रूममेट ठरलेले, कोण कोणाबरोबर अपार्टमेंट घेणार तेसुद्धा फेब्रुवारीत ठरलेलं. जिथे वर्षाला मूठभरच ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणारी मुलं, घेतात तिथे तू एकटी नवीन. प्रिन्स्टनने तर १९९० नंतर ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं, २०१८ ला परत सुरू केलं आणि तेही अगदी थोडे. उलट कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी बघा, तिथे कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून, हजारो मुलं तिसऱ्या वर्षाला येतात, सहा कॅम्पसवर तर अटी पूर्ण केल्या की प्रवेशाची हमीच आहे, त्यामुळे ट्रान्सफर म्हटलं की कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. आम्हाला न्यू जर्सीहून ते परवडणारं नाही, तिथल्या फीमध्ये बाहेरच्या राज्यातल्यांना वेगळा भाव आहे, पण मुद्दा कळला ना. कॉर्नेल त्या मानाने बरीच ट्रान्सफर मुलं घेतं, म्हणून ते यादीत राहू दे म्हटलं, घरापासून चारेक तास लांब असलं तरी.

एनवाययूवरून आमचं जोरदार वाजलं. तिला वाटतं मॅनहॅटन म्हणजे माणसंच माणसं. अगं पण वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आजूबाजूला बिल्डिंगा विखुरलेल्या, कॅम्पसला ना गेट ना कुंपण, लेक्चर संपलं की जो तो शहरात गडप. गर्दीत एकटं वाटणं हे डोंगरात एकटं वाटण्यापेक्षा वाईट असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय राहण्या-खाण्यासकट वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर. पहिल्या वर्षाच्या मुलांना मिळणाऱ्या मोठ्या स्कॉलरशिप ट्रान्सफरवाल्यांना सहसा मिळत नाहीत हेही घरात बसून नीट वाचा, कारण आत्ताची स्कॉलरशिप काही बरोबर जात नाही. क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या कोर्सचे गुणांक, जातात, तेसुद्धा बहुतेक ठिकाणी सी किंवा वरची ग्रेड असेल तरच, आणि जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी परत शून्यापासून. वर्षभर राबून मिळवलेले ए तिथे नुसते क्रेडिट होऊन बसतात, ह्यावर पोरगी दोन दिवस फुगून होती.

रटगर्स बघायला आम्ही मुद्दाम मंगळवारी संध्याकाळी गेलो. शनिवारच्या टूरला नाही, टूरमध्ये ते कॅम्पस दाखवत उलटं चालणारं पोरगं सगळ्या कॉलेजात तेच सांगतं. न्यू ब्रन्सविकला कॅम्पस पाच ठिकाणी पसरलेला, कॉलेज अॅव्हेन्यू, बुश, लिव्हिंग्स्टन, कुक, डग्लस, मधून रॅरिटन नदी, आणि सगळा कारभार बसवर. नवरा म्हणाला हे काय, पोरं अर्धा दिवस बसमध्ये घालवणार. पण मी स्टॉपवर उभी राहून बघत होते. एलएक्स बस भरून गेली म्हणून मागे राहिलेली आठ-दहा पोरं, त्यातल्या दोघांची ओळखही नव्हती बहुतेक, कुठल्या तरी परीक्षेवरून एकत्र बोटं मोडत होती. शेजारी भिंतीला टेकून चार मुली गरब्याच्या स्टेपचा वाद घालत होत्या, एकीच्या हातात दांडियाच्या जागी दोन पाण्याच्या बाटल्या. आमची बाई आधी लांबून बघत होती आणि मग म्हणाली तो तिसरा काउंट चुकतोय त्यांचा. माझ्या दृष्टीने टूर तिथेच संपली.

ह्यात एक गोम आहे. आम्ही एडिसनला, म्हणजे पंधरा मिनिटांवर. ती दर शुक्रवारी पिशवी घेऊन घरी यायला लागली तर रटगर्सचीही सूटकेस स्कूल तीच करून टाकेल. म्हणून माझी अट आधीच सांगितलीये, राहायचं कॅम्पसवरच, पहिलं सेमिस्टर घरी फक्त गणपती आणि दिवाळी, डबा मी आणून देणार नाही. (नवरा देईल, माहिती आहे मला.) आणि तिथे जायचं तर सप्टेंबरलाच. जानेवारीत जाणाऱ्यांना डान्स टीमच्या ऑडिशन होऊन गेलेल्या असतात, खोलीही कोणीतरी सोडून गेलेली मिळते.

डॉर्मचं, म्हणजे कॅम्पसवरच्या हॉस्टेलचं, खरं तर अजून कळलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना खोलीची हमी असते तशी ट्रान्सफरवाल्यांना सगळीकडे नसते, आणि ऑफ-कॅम्पस तीन अनोळखी सीनियर मुलींबरोबर राहायला लागलं तर परत तोच हिरवा डबा. कॉर्नेलचं उत्तरही यायचंय. कोणाची मुलं गेल्या एकदोन वर्षांत रटगर्सला ट्रान्सफर होऊन गेली असतील तर खोली कशी मिळाली, लिव्हिंग्स्टनला मिळाली का, आणि तिथे ट्रान्सफर मुलांना एकत्र ठेवतात का ते प्लीज इनबॉक्स करा. मुलांशी थेट बोलता आलं तर फारच छान, आयांचं ऐकायला आमची तयार नाही.