मूळ चाल म्हणजे नेमकी कुठली?

दिवाळी पहाटचे कार्यक्रम सुरू झाले की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. एखादी तरुण गायिका नाट्यपद रेकॉर्डपेक्षा वेगळं गाते, एखादा गायक गीतरामायणात चार जागा जास्त घेतो, आणि लगेच निकाल लागतो: मूळ चालीला हात लावायचा नाही! इथे जर्मनीत रचनाकारांनी स्वतः वाजवलेल्या पियानोच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा नाद लागल्यापासून मला हा निकाल पटेनासा झाला आहे.

ब्रुक्सालच्या राजवाड्यात स्वयंचलित वाद्यांचं संग्रहालय आहे. फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीनं १९०४ मध्ये आणलेल्या पियानोयंत्राची ओळख तिथे होते. वादकाचं वादन कागदाच्या गुंडाळीवर भोकांच्या रूपात उतरायचं आणि ती गुंडाळी यंत्रावर चढवली की हवेच्या जोरावर पियानो आपोआप वाजायचा. ऑस्ट्रियन रचनाकार माहलरनं १९०५ मध्ये अशा गुंडाळ्या करून दिल्या, पुढे फ्रेंच रचनाकार देब्यूसीनंही दिल्या.

देब्यूसीची ‘बुडालेलं कॅथेड्रल’ ही रचना १९१० ची. सुरुवातीचे संथ, धुक्यातले स्वरसमूह सरतात आणि आपल्या गुंडाळीत देब्यूसी एकदम दुप्पट लयीत जातो, थोड्या वेळानं परततो, पुन्हा दुप्पट. छापील प्रतीत लय दुप्पट करा असं कुठेही म्हटलेलं नाही. यंत्राचा वेग कमीजास्त असू शकतो, हे खरं. पण एकाच गुंडाळीतल्या दोन भागांच्या लयीचं प्रमाण यंत्र कशाला बदलेल? कागदावरचं तंतोतंत वाजवलं तर मधला भाग असह्य रेंगाळतो, त्याच्या हातून तो समुद्रातून वर येतो. इथे पाश्चात्त्य संगीतात छापील स्वरलिपीचं सोवळं फार कडक. तरीही आताच्या अभ्यासपूर्ण आवृत्त्यांनी या गुंडाळीची दखल घेतली आहे.

रशियन रचनाकार-पियानोवादक रखमानिनॉव्हचं उदाहरण नेमकं उलट. त्यानं १९३९-४० मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर आपला तिसरा कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ध्वनिमुद्रित केला, तो काही भाग गाळून. आज बहुतेक पियानोवादक तो पूर्ण वाजवतात आणि त्यांना कुणी रचनाकाराचा अपमान केला म्हणत नाही. कोरेल्लीच्या धूनवरच्या त्याच्या रचनेबद्दल तर त्यानं मित्राला, रचनाकार मेट्नरला, लिहून ठेवलंय की सभागृहात खोकला वाढला की पुढचा भाग तो गाळायचा. स्वतःच्या रचनेशी रचनाकार असा वागतो.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे स्वरलिपी कुणी समोर ठेवत नाही, म्हणून रेकॉर्डच पोथी झाली. पण बालगंधर्वांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं वाजायची. रंगभूमीवर तेच पद ‘वन्स मोअर’ घेत कितीतरी लांबायचं. तबकडीची लांबी हीच पदाची लांबी मानणं म्हणजे लाखेच्या तबकडीच्या मर्यादेला परंपरा म्हणणं. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर झालं तेव्हा अनेक गायकांनी त्यातली गाणी गायली. नंतर बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, तीच गाणी वर्षानुवर्षं रंगमंचावर एकट्यानं गायली. यातली मूळ कुठली?

म्हणून वाटेल ते करावं, असं मी म्हणत नाही. ग्रुपवरच्या काकांची एक तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे: पुष्कळ नव्या गायकांनी जुनं नीट ऐकलेलंच नसतं, आणि हरकतींच्या गर्दीत शब्द हरवतात. बाबूजी शब्दोच्चाराबद्दल किती काटेकोर होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते जपायलाच हवं, तिथे तडजोड नको. देब्यूसीनंही लय दुप्पट केली ती लहर म्हणून नाही. रचनेचा तोल तसाच साधतो.

तेव्हा शिकवणाऱ्यांनी तरुणांना एका गाण्याची एकच रेकॉर्ड पाठ करायला लावू नये. आकाशवाणीचं ऐकवा, मैफलीतलं ऐकवा, जिथे जिथे फरक आहे तिथे थांबा आणि तो का झाला ते त्यांनाच शोधू द्या. मग त्यांनी एखादी जागा वेगळी घेतली, तर आधी पूर्ण गाणं ऐका आणि मग ग्रुपवर लिहा.