‘डिबेट म्हणजे मारामारी’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘डिबेट’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘मारून खाली पाडणे’ असा आहे, म्हणजे डिबेट ही हिंसाच. आपल्या संस्कृतीत वाद नव्हताच, फक्त संवाद होता, गुरूला उलट प्रश्न विचारायची रीत नव्हती. समर्थांनीसुद्धा वादविवाद सोडून द्या असंच सांगितलंय. हे खूळ इंग्रजांनी आणलं, तर शाळांमधल्या वादविवाद स्पर्धा बंद करा आणि मुलांना नम्रता शिकवा. मी शाळेत मुलांकडून या स्पर्धांची तयारी करून घेतो आणि आता काही पालक हाच मेसेज दाखवून मुलींची नावं काढून घ्यायला लागलेत, म्हणून गप्प बसवत नाहीये. एकेक मुद्दा घेतो.

पहिला, शब्दाच्या मुळाचा. इथं मेसेज खरं बोलतोय, ते मान्यच करायला पाहिजे. डिबेट हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधल्या ‘देबात्र’वरून आला, त्यात ‘दे’ म्हणजे खाली आणि ‘बात्र’ म्हणजे मारणं, त्याच्याही मागे लॅटिनमधलं ‘बात्तुएरे’ आहे, आणि सुरुवातीच्या इंग्रजीत डिबेटचा अर्थ झगडा, तंटा असाही होताच. ‘बॅटल’ त्याच घराण्यातला. पण त्याच घराण्यात ‘रिबेट’ पण आहे! तोही फ्रेंचमधल्या ‘खाली पाडणे’वरूनच आलाय. घरपट्टी वेळेत भरली की रिबेट मिळतो, तेव्हा आपल्याला कोणी मारतं का, रक्कम खाली येते एवढंच ना. शब्द कुठून निघाला यावरून तो आज काय काम करतोय ते ठरत नाही.

आणि मेसेजमध्ये पुढे जे लिहिलंय की ‘डिबेट नको, डिस्कशन करा’, ते तर लिहिणाऱ्याने एकदा तपासून बघायला हवं होतं. डिस्कशनच्या मागे लॅटिन ‘डिसकुतेरे’ आहे, म्हणजे झटकून, आपटून वेगळं करणं, तुकडे करणं. म्हणजे मुळावरूनच न्याय करायचा तर डिबेटमध्ये माणूस नुसता पडतो आणि डिस्कशनमध्ये त्याचे तुकडे होतात. उलटंही होतं बरं का. आपण ‘हुज्जत घालू नको’ म्हणतो ती हुज्जत अरबीतून आली, तिकडे तिचा अर्थ पुरावा, प्रमाण असा चांगला आहे. रावेरच्या पलीकडे मध्य प्रदेशात गेलं की भांडणाला बहस म्हणतात, तोही अरबीच, मूळ अर्थ शोध घेणं. शब्द चढतात, उतरतात, माणसं ते कसे वापरतात त्यावर.

‘वाद’चंही तसंच झालंय. आज मराठीत बांधाचा वाद, भाऊबंदकीचा वाद, म्हणून वाद म्हटलं की आपल्याला कोर्ट आणि तारखा दिसतात. पण मूळ धातू वद्, म्हणजे बोलणं. संवादात तोच वाद आहे, आशीर्वादात आणि धन्यवादातही तोच, मग संवाद आपला आणि वाद परका असं कसं म्हणता येईल?

आता दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो, की आपल्या परंपरेत वाद नव्हता आणि गुरूला प्रश्न विचारत नसत. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला प्रश्नामागून प्रश्न विचारते, तो म्हणतो आता पुरे, जास्त विचारशील तर डोकं गळून पडेल, तेव्हा ती थांबते खरी, पण नंतर पुन्हा उभी राहते आणि म्हणते की जसा एखादा वीर धनुष्याला दोरी चढवून दोन बाण घेऊन उभा राहतो तशी मी दोन प्रश्न घेऊन तुझ्यासमोर उभी आहे. भर सभेत एक बाई हे बोलते. ज्यांना शब्दातली मारामारी खुपते त्यांनी हे बाणही लक्षात घ्यावेत.

आयुर्वेदाच्या चरकसंहितेत ‘विमानस्थान’ नावाच्या भागाच्या आठव्या अध्यायात वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी यावर केवढं तरी लिहिलंय. एक चर्चा सलोख्याने करायची, एक समोरासमोर उभं राहून, असे सरळ दोन प्रकार केलेत. फायदे सांगताना चरक म्हणतो की ज्ञान वाढतं, बोलायची ताकद येते, शंका फिटतात, आणि एक मजेशीर गोष्ट, गुरूने जी गुपितं फक्त लाडक्या शिष्याला सांगितलेली असतात ती तो शिष्य वादात जिंकायच्या भरात भडाभडा बोलून टाकतो, आणि आपल्याला ती फुकटात मिळतात!

पण खरी खाण आहे ती गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात. जवळजवळ दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं हे काम. त्यात चर्चेचे तीन प्रकार वेगळे काढलेत. ‘वाद’ म्हणजे सत्य शोधायला दोघांनी पुरावे देऊन केलेली चर्चा. ‘जल्प’ म्हणजे फक्त जिंकायला केलेली, त्यात शब्दच्छल वगैरे सगळं चालतं. आणि ‘वितंडा’ म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं. मेसेज लिहिणाऱ्याला ज्याचा राग आलाय, रात्री टीव्हीवर चौकटी-चौकटीत बसून चालतं ते, त्याला आपल्याकडे वितंडा असं नाव तेव्हापासून आहे, आणि वितंडवाद हा शब्द आपण आजही बोलतो. त्याचा राग वादावर काढायचं कारण नाही.

त्याच सूत्रांत ‘निग्रहस्थानं’ दिलीत, म्हणजे माणूस कुठं हरला असं धरायचं त्या जागा, एकूण २२. विषय सोडून भलतंच बोलायला लागला तर हरला, त्याला अर्थांतर म्हणतात. कारण नसताना तेच तेच बोलला तर पुनरुक्त. ‘मला जरा काम आहे, निघतो’ म्हणून मध्येच उठला तर विक्षेप, हे तर पारावर रोज बघायला मिळतं. मतानुज्ञा म्हणजे स्वतःवरचा आरोप खोडायचा नाही आणि ‘तुमच्यातही तोच दोष आहे’ एवढंच म्हणायचं, ‘तुमच्या वेळी काय झालं होतं’ हे जे आपण दिवसभर ऐकतो ते हेच, आणि गौतमाच्या हिशोबाने असं बोलणारा तिथंच हरलेला असतो. आणि माझं सगळ्यात आवडतं, अननुभाषण. समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी तुम्हाला त्याचं म्हणणं परत सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात.

हे शेवटचं मी वर्गात नियम म्हणून वापरतो. परवा विषय होता, कापूस सोडून मका लावावा का. मक्याच्या बाजूचा मुलगा बोलून झाला, नववीतली एक मुलगी उत्तर द्यायला उठली आणि म्हणाली, ‘हा म्हणतो मजूर आळशी झालेत.’ तो लगेच, ‘मी असं म्हणालोच नाही, मी म्हणालो वेचणीची मजुरी जेवढी वाढली तेवढा कापसाचा भाव वाढला नाही.’ तिला पुन्हा सांगायला लावलं, तिने नीट सांगितलं, तो म्हणाला हां, हेच. मग ती थोडी थांबली आणि तिने विचारलं, ‘मग मक्यावर लष्करी अळी येते, तिच्या फवारणीचा खर्च तू हिशोबात धरलास का?’ त्याने धरला नव्हता. त्याने वहीत लिहून घेतला. मला सांगा यात कोणी कोणाला मारून खाली पाडलं?

आणि भाऊ, हे खानदेशात बसून लिहिताना तर आणखी वाईट वाटतं, कारण आपल्या मातीत याची उदाहरणं आहेत. भास्कराचार्यांच्या आधी लल्ल नावाचा मोठा खगोलशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याने गोलाचं पृष्ठफळ, म्हणजे पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, काढायला वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणा असं सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी लल्लाच्या ग्रंथावर भाष्य लिहिलं म्हणजे त्याला मान दिलाच, पण स्वतःच्या गोलाध्यायात त्याचा हा नियम चूक आहे असं स्पष्ट लिहिलं, पृष्ठभागाचे पट्टे पाडून उपपत्ती, म्हणजे सिद्धता, दाखवली आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट हे बरोबर उत्तर दिलं. मान राखून खोडून काढणं ते हेच. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेल्या मठाचा १२०७ चा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर तर कालपरवाचं म्हणायचं, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची ही संस्था गिरणीमालक प्रतापशेठनी १९१६ साली उभी केली. तिथले तिघे अभ्यासक, मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती, यांनी १९३३ साली वेदांतातल्या ‘अज्ञान’ या एकाच कल्पनेवर आपापली वेगळी मतं एकाच पुस्तकात शेजारी शेजारी छापली. एका संस्थेत राहायचे आणि तरी आपलं एकमत आहे असा देखावा त्यांनी केला नाही.

समर्थांचा मुद्दा. मनाच्या श्लोकात ‘जनीं वादवेवाद सोडूनि द्यावा’ आहे, बरोबर आहे, पण मेसेजने तेवढीच ओळ घेतली. त्याच श्लोकाचा शेवट आहे ‘तुटे वाद संवाद तो हीतकारी’, ज्या बोलण्याने तंटा तुटतो ते हिताचं. आणि पुढच्याच श्लोकात रोग कोणता तेही सांगितलंय, ‘अहंतागुणे वाद नाना विकारी’. समर्थांचा नेम अहंकारावर आहे. बोलूच नका, विचारूच नका असं त्यात कुठंही नाही. ओळ पुढे पाठवायची तर पूर्ण पाठवा.

राहिला इंग्रजांचा. एक ठराव, बाजूने इतके, विरोधात इतके, समोर परीक्षक आणि टेबलावरची घंटी, हा साचा इंग्रजी कॉलेजांतून आला, त्यात लपवण्यासारखं काय आहे? क्रिकेटही तिकडूनच आलं. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांची १८४८ साली एक सभा निघाली, निबंध वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची, आणि याच सभेच्या पोरांनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. आज मुलीचं नाव काढून घेताना हे आठवलं तर बरं.

स्पर्धांमध्ये दोष आहेत, नाही असं नाही. पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणणारा आणि आवाज चढवणारा बक्षीस घेऊन जातो असं खूपदा होतं आणि त्याने शांत मुलं मागे पडतात. यावर उपाय गुणपत्रिकेत आहे. पाठांतराचे, हावभावांचे गुण कमी करा, समोरच्याचा मुद्दा बरोबर सांगितला का आणि त्याला उत्तर दिलं का याला जास्त गुण ठेवा, दोन वर्षांत तालुक्याचा बाज बदलेल.

‘मुलगी उलट बोलायला लागेल’ असं एका आईने मला काळजीने बोलून दाखवलं, तिची काळजी खोटी नाही. पण घरात ‘तुन्हं खरं शे, पन मन्हं बी आयक’ असं म्हणणारी पोरगी आणि पाय आपटत निघून जाणारी पोरगी यात फरक आहे ना, आणि पहिली तयार करायला सराव लागतो. ज्यांना अजूनही पटत नसेल त्यांनी खरंच या, शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमचा सराव असतो, मागच्या बाकावर बसा, मुलांना अडवा, मलाही अडवा. अट एकच, आधी समोरचा काय म्हणाला ते त्याला मान्य होईल असं सांगायचं, मग आपलं बोलायचं.