'दुसऱ्यांची गाणी आणि वर खरखर' या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण ती रागातून नाही तर दुखावून लिहिलीये असं वाटलं. 'द केअरटेकर' या नावानं संगीत करणाऱ्या लेलंड कर्बीच्या 'ॲन एम्प्टी ब्लिस बियाँड धिस वर्ल्ड' या अल्बमबद्दल मी भरभरून लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की हे दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड उचलून वर खरखर टाकून विकणं आहे, यात यानं स्वतः केलं काय, आणि दुसरं म्हणजे स्मृतिभ्रंशाचं यानं सजावटीचं सामान केलंय. तुमच्या आईंना तो आजार आहे, त्यामुळे ऐकतानाच बंद करावंसं वाटलं तुम्हाला. दोन्हीला नीट उत्तर द्यायचंय.

आधी खरखर, कारण ती तबकडीचीच आहे. लेलंड कर्बी हा इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा माणूस, त्यानं 2010 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जुन्या 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, रेकॉर्ड विकत घेतल्या आणि त्यातून 2011 चा हा अल्बम झाला. त्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख जगभर जायची ती मुख्यतः आपल्याकडूनच. त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळायचे, म्हणजे स्टीलची सुई घासली जाऊन खाचेच्या आकाराची होईल. त्यामुळे कोरी करकरीत रेकॉर्डसुद्धा थोडी खरखरायचीच, मग सत्तर-ऐंशी वर्षं कुणाकुणाच्या दिवाणखान्यात वाजून, कुठेतरी पोटमाळ्यावर पडून आलेलीचं काय होणार. आपल्याकडे नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हा आवाज ओळखीचा आहे. आपण सहसा तो विसरून गाणं ऐकतो. कर्बी तो विसरू देत नाही, कधीकधी तर खरखर जवळ आणि बँड कुठेतरी चार खोल्या पलीकडे वाजतोय असं वाटतं.

आता यानं केलं काय. मला विचाराल तर यानं कापलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 3 मिनिटं मावायची, आणि त्या काळच्या डान्स बँडच्या रेकॉर्डचा एक साचा असायचा, आधी बँड सगळी चाल वाजवणार, मग मधे गायक येऊन एकदाच ध्रुवपद म्हणणार, मग परत बँड. म्हणजे ऐकणारा पहिला मिनिटभर गायकाची वाट बघत असतो. या अल्बममध्ये तो गायक जवळपास येतच नाही! बँड येऊ घातलेल्या गाण्याची तयारी करत राहतो, तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरते आणि मग मधेच, ओळ पुरी न होता, सगळं थांबतं. आपल्या कानांना समेची सवय आहे ना, गाणारा कितीही लांब गेला तरी समेवर येणार हा भरवसा असतो, इथे नेमका तोच भरवसा काढून घेतलाय. 15 तुकडे आहेत, साधारण पाऊण तास, आणि त्यातल्या दोन तुकड्यांची नावं यादीत दोनदा येतात, शीर्षकाचा तुकडा सहाव्या जागी आणि परत बाराव्या. पहिल्यांदा मी फोन हातात घेऊन बघितलं की चुकून मागे तर नाही ना गेलं. हे इफेक्टनं होत नाही, कुठली ओळ कुठे तोडायची हे ठरवायला कान लागतो, आणि तो कान त्याचाच आहे.

पण एका गोष्टीत तुम्ही बरोबर आहात आणि ते मला आधीच लिहायला हवं होतं. मूळ वादकांची नावं त्यानं दिलेली नाहीत, ऐकणाऱ्यांनी एकेक रेकॉर्ड शोधून काढलीये. कायदा बाजूला ठेवू, इंग्लंडमध्ये तेव्हा ध्वनिमुद्रणाचा हक्क 50 वर्षांनी संपायचा आणि चालीचा मात्र संगीतकार गेल्यावर 70 वर्षांनी, तो वेगळा गुंता आहे. मला खुपतं ते माणसांबद्दल. कर्बीच्या जुन्या कामामुळे मी अल बोली या गायकापर्यंत पोचलो, केवढा मऊ आवाज! मग वाचलं की 1920 च्या दशकात तो आपल्या कलकत्त्याला हॉटेलच्या बँडमध्ये होता, आणि 1941 च्या एप्रिलमध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेला. ही माणसं नुसता 'कच्चा माल' नाहीत. पाठीमागच्या पानावर बारीक अक्षरात का होईना नावं हवी होती.

आजाराबद्दल. अल्झायमर झालेल्यांना तरुणपणीचं संगीत कसं आठवतं, यावरच्या 2010 च्या एका अभ्यासातून कर्बीला हा अल्बम सुचला. तुम्ही म्हणता हे दुःखाचं प्रदर्शन आहे. मी माझ्या आजीबद्दल सांगतो. शेवटची तीनेक वर्षं तिला बाबा ओळखू यायचे नाहीत, पण दुपारी ती 'पहिली माझी ओवी गं' म्हणायची, तेवढंच, पुढची ओळ नाहीच, थोडी थांबायची आणि परत पहिली. जात्यावर बसल्यासारखा हात फिरायचा. आम्ही पुढची ओळ सांगायचो तर ती आमच्याकडे अशी बघायची की मधे का बोलताय. तिला काही अडलेलं नव्हतं हो, अडलेलं आम्हाला होतं, पुढची ओळ आम्हाला हवी होती. ती तिथे सुखात होती आणि त्या सुखात आम्हाला जागा नव्हती. या अल्बमच्या नावात 'रिकामं' आणि 'आनंद' हे दोन शब्द शेजारी आहेत ते वाचलं आणि मला ती दुपार आठवली. सजावट केली असती तर एकतर नुसतं भेसूर केलं असतं नाहीतर नुसतं गोड.

कर्बीच्या पुढच्या मोठ्या कामाबद्दल, 'एव्हरीव्हेअर ॲट द एंड ऑफ टाइम', मी इतकं ठामपणे बोलणार नाही. 2016 ते 2019 मध्ये सहा टप्प्यांत आलं, सगळं मिळून साडेसहा तास, आणि शेवटच्या टप्प्यांत सूर जवळजवळ उरतच नाही, बहुतेक नुसता गोंगाट. 2020 मध्ये पोरांनी ते सलग ऐकून दाखवायचं चॅलेंज केलं ते मलाही आवडलेलं नाही. 'ॲन एम्प्टी ब्लिस'मध्ये तसं काही नाही, तिथे कुणी घाबरवायला बसलेलं नाही.

तुम्ही परत ऐकावं असा माझा आग्रह नाही, तुम्ही रोज घरात जे बघताय त्याच्यापुढे माझी आवड फार लहान आहे. आईंना तर हे अजिबात ऐकवू नका. त्यांच्यासाठी त्यांच्या पंधरा ते पंचवीस वयातली गाणी शोधा, पूर्ण गाणी, शेवटपर्यंत जाणारी. माझ्याकडे आजोबांच्या काही तबकड्या आहेत, नाट्यगीतं आणि भावगीतं, फोनवर उतरवून घेतलीयेत, खरखर आहे पण शब्द स्वच्छ ऐकू येतात. आईंना काय आवडायचं ते कळवा, त्यातलं असेल तर आज रात्रीच पाठवतो.