अण्णांनी नदीला लांबूनच हात जोडले

आज सकाळपासून तीन ग्रुपवर एकच व्हिडिओ आलाय. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेतल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानातलं, नदी ओलांडायचं केहिल्स क्रॉसिंग. भरतीचं पाणी फरशीपुलावरून वाहतंय आणि आपल्यातलाच एक मराठी मुलगा घोटाभर पाण्यात उभा राहून हातातला मासा मगरीला दाखवतोय. मागून मित्र ओरडताहेत, "अजून पुढं, अजून पुढं!" खाली बदाम, टाळ्या आणि "वाघ आहेस भावा".

माझे हात थरथरायला लागले. चहा तसाच गार झाला.

गेल्या जुलैत आई-अण्णा सांगलीहून आले होते तेव्हा आम्ही तिथं गेलो होतो. मित्राची कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, मागून घेतली, गाडीला जोडली आणि डार्विनहून आर्नहेम हायवेनं निघालो. जबिरूपर्यंत अडीचशे किलोमीटर. झोपायला आई-अण्णा आणि पोरं कॅरव्हॅनमध्ये, आम्ही दोघं शेजारी तंबूत. रस्त्याकडेला माणसाहून उंच वारुळं दिसली की आई प्रत्येक वेळी गाडी थांबवायला लावायची. पहिला मुक्काम मर्ल कॅम्पग्राउंडला. संध्याकाळी डासांनी असं फोडून काढलं की पोहेसुद्धा जाळीच्या आत बसून खावे लागले. पण रात्री दिवे विझवून बाहेर आलो, तर आभाळ एवढं खाली उतरलेलं की आई कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशी क्रॉसिंगवर गेलो. आमच्या अण्णांचं वय बहात्तर. नदी दिसली की चप्पल काढायची, पाण्यात उतरायचं, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, हे आयुष्यभराचं. औदुंबरला तेच, नरसोबाच्या वाडीला तेच. मी पोरांच्या टोप्या शोधत होते. वर बघते तर अण्णा उताराला लागलेले.

"अण्णा, थांबा!"

किती जोरात ओरडले असेन मी! आजूबाजूची सगळी माणसं वळून बघायला लागली. अण्णा थांबले. एक चप्पल पायात, एक हातात. वडिलांवर असं ओरडायची माझ्यावर उभ्या जन्मात वेळ आली नव्हती. तेवढ्यात लेकीनं बोट दाखवलं. भरतीबरोबर मासे वर येतात, त्यांच्यासाठी मगरी फरशीलगत ओळीनं टपून होत्या. तिनं अकरा मोजल्या. अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या कृष्णेतल्यासारख्याच की गं, फक्त थोरल्या." चप्पल पायात घातली, वरच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि तिथूनच डोळे मिटून हात जोडले.

तो मुलगा उभा होता तिथून चार पावलांवरची ही गोष्ट आहे. म्हणून मला इतका राग आलाय.

अरे, त्या पाण्यात माणसं गेली आहेत! 2017 मध्ये फरशी चालत ओलांडायला गेलेला एक जण तिथंच गेला. पाण्यापासून पन्नास मीटर लांब मुक्काम टाका, काठावर मासे साफ करू नका, उष्टंखरकटं ठेवू नका, हे का सांगतात? मगरीला माणूस आणि खाणं यांची सांगड कळू नये म्हणून. ती एकदा कळली की ती मगर काठावरच्या माणसांकडे येते, आणि मग तिलाच पकडून मारावं लागतं. म्हणजे लाइक तुझे आणि जीव तिचा. कातड्यासाठी मारून मारून जवळजवळ संपवलेला हा प्राणी. 1971 मध्ये इथं शिकार बंद झाली म्हणून आज अकरा दिसतात.

मान्य, गोरेही करतात. गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभे असलेले मीही पाहिलेत. पण मी माझ्या माणसांशी बोलतेय.

आणि काकाडू काही कुणाचं वॉटरपार्क नाही. 1979 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पण जमीन तिथल्या मूळ रहिवासी बिनिंज-मुंगुय लोकांची, सरकारला भाडेपट्ट्यानं दिलेली. आपण त्यांच्या अंगणात गाडी लावतो. पाहुण्यानं कसं वागायचं हे आपल्याला घरी शिकवलेलं असतं ना?

त्याच दुपारी जवळच्या उबिरला, जुनी कातळचित्रं बघायला गेलो. कातळावर माशांची चित्रं, आतले काटेसुद्धा काढलेले. अण्णांनी दोन बहिणींच्या चित्रापाशी बराच वेळ काढला. नातीनं पाटी वाचून मराठीत सांगितली. पाणथळीजवळ राहणाऱ्या दोन बहिणी. एक गंमत म्हणून मगर झाली आणि दुसरीला घाबरवलं. मग दोघींनी कायमचीच मगर व्हायचं ठरवलं. पोरांनी पाण्यापासून जपावं म्हणून ही गोष्ट सांगतात. अण्णा म्हणाले, "आमची आजीपण विहिरीची अशीच गोष्ट सांगायची." ह्या लोकांचे ऋतूसुद्धा आपल्यासारखे सहा आहेत हे कळल्यावर तर ते एकदम खुशीत आले. जुलै म्हणजे त्यांचा थंडीचा ऋतू, वुर्रगेंग. "मग आषाढात थंडी!" असं आईला दोनदा सांगितलं.

जिम जिम धबधबा राहिला. त्या रस्त्याला कॅरव्हॅन चालत नाही. पोरं रुसली, अण्णा नाही. कुइंडाला येलो वॉटर नावाच्या पाणथळीत बोटीत बसल्यावर त्यांनी हात कठड्याच्या आत घट्ट धरून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. कमळांचं पान हाताशी आलं तरी हात बाहेर नेला नाही.

दुपारी राहवेना, म्हणून अण्णांना फोन केला आणि व्हिडिओचं सगळं सांगितलं. मी तावातावानं बोलत होते, कमेंटा वाचून दाखवत होते, त्या मुलाला काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. अण्णांनी ऐकून घेतलं.

"पोरगा वर आला का?"

"आला."

"बरं झालं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.