पीएमएल नाहीसं होत नाही, भलत्याला जोडलं जातं

लेख चांगला आहे, पण 'पीएमएल हे वाढ रोखणारं जनुक नाहीसं झालं की प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया होतो' हे या रक्ताच्या कर्करोगाबद्दलचं वाक्य खटकलं. नाहीसं होत नाही हो! १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि पीएमएल १७ नंबरवरच्या आरएआरए या जनुकाला जाऊन चिकटतं. दुसऱ्या १५ नंबरवरचं पीएमएल शाबूत असतं, पण या जोडगोळीपासून बनणारं जोडप्रथिन त्यालाही काम करू देत नाही.

मी राजारामपुरीत लॅबमध्ये स्लाइड बघतो. या ल्युकेमियाच्या पेशी एकदा बघितल्या की विसरत नाहीत. दाण्यांनी गच्च भरलेल्या, काहींत तर ऑअर रॉड (पेशीतल्या सुईसारख्या रेघा) काड्यांची मोळी बांधल्यागत. त्यात पेशंटच्या हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर काळेनिळे डाग असतील, तर रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघायची नाही, थेट डॉक्टरांना फोन. रक्तस्रावानं माणूस हातचा जातो. म्हणून तर जनुकीय तपासणीचा निकाल यायच्या आधीच ॲट्रा हे औषध सुरू करतात.

आणि आर्सेनिकला 'पर्यायी उपचार' म्हटलंय, ते तेवढं काढाच. आर्सेनिक ट्रायऑक्साइड पीएमएलच्याच भागाला धरून ते जोडप्रथिन मोडीत काढतं, ॲट्रा आरएआरएच्या बाजूनं. शिरेतून, ईसीजीवर लक्ष ठेवून देतात ते. नाहीतर उद्या कुणीतरी सोमलाच्या (विषारी आर्सेनिकच्या) पुड्या विकत बसेल.