बाकडं विकायचंय? मग आधी सुतारकाम सोडा

तुम्ही चांगली बाकडी बनवता, असं धरून चालू. लोखंडी सांगाडा, वर सागवानी पट्ट्या, बसलं की पाठ नीट टेकते. शेजारीपाजारी म्हणतात, 'अहो, महापालिकेला द्या की ही!' आणि तुम्हालाही ते पटतं. इथेच पहिली चूक होते. महापालिकेला बाकडी विकणं हा वेगळा धंदा आहे. त्यात लाकूड लागत नाही, कागद लागतो.

निविदेची जाहिरात पेपरात वाचली, याचा अर्थ तुम्हाला उशीर झाला. निविदा लिहिली जात असताना तुम्ही तिथे असायला हवं होतं. साहेबांच्या टेबलाशी नव्हे, ते वाईट दिसतं. समोरच्या चहाच्या टपरीवर. तिथे अटी ठरतात, आणि अटी म्हणजेच निविदा. उरलेला मजकूर गेल्या वर्षीचाच असतो. अटी अशा: गेल्या तीन वर्षांत एखाद्या महापालिकेला पाच हजार बाकडी पुरवल्याचा दाखला. अमुक कोटींची उलाढाल. कारखाना हद्दीपासून तीस किलोमीटरच्या आत. (रस्त्यांच्या निविदांत हॉट मिक्स प्लांटसाठी, म्हणजे डांबर-खडी तापवून कालवणाऱ्या कारखान्यासाठी, असं अंतर घालतात, कारण डांबर वाटेत गार होतं. बाकडं गार होत नाही, पण अट भारदस्त दिसते.) पायाची जाडी ४० नव्हे, ४२ मिलिमीटर. हातावर मोरपिसाची नक्षी. ती नक्षी एकाच कारखान्यात ओतली जाते हा योगायोग, आणि कुणी विचारलंच तर 'शहर सौंदर्यीकरण' हा शब्द पाठ असू द्या. प्री-बिड बैठकीत, म्हणजे निविदा भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीत, एखादा भाबडा उठून म्हणेल की ४० मिलिमीटरही चालतं हो. त्याचं उत्तर आधीच टाइप झालेलं असतं: 'निविदेतील अट कायम.' पुढे तुमच्याच कारखान्यात ४२ चा साचा मोडला तर मात्र अट बदलणारं शुद्धिपत्रक लगेच निघतं. शुद्धिपत्रकाला शेवटच्या दिवसाची संध्याकाळ विशेष मानवते.

दराचं काय, असं विचाराल. बाकडं सरकारी दरसूचीत सापडलं नाही की बाजारभाव काढतात, म्हणजे तीन दरपत्रकं मागवतात. तीनही तुम्हीच नेऊन द्यायची; कारकुनाला कशाला त्रास?

मग स्पर्धा. ती हवीच, नाहीतर फेरनिविदा काढायला लावतात. तेव्हा मेहुण्याची एक फर्म, वहिनींच्या नावाची एक आणि तुमची, अशी निकोप स्पर्धा उभी करा. फक्त तीनही निविदा एकाच संगणकावरून भरू नका, आणि वहिनींच्या निविदेत व्याकरणाच्या चुका वेगळ्या असू द्या. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असं संगनमत झाल्याचं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये ठरवून कंपन्यांना दंड केला होता. म्हणजे कुणीतरी वाचतं बरं का, फक्त ते दिल्लीत बसतं. तांत्रिक आणि आर्थिक अशी दोन पाकिटं असतात. तिसऱ्या पाकिटावरचे विनोद फार जुने झाले, मी ते करणार नाही.

एवढी खटपट नको असेल तर काम चिरा, म्हणजे एकाचे अनेक तुकडे करा. ज्या रकमेपुढे ऑनलाइन ई-निविदा काढावीच लागते ती मर्यादा एकेकाळी ३ लाख होती, तेव्हा या शहरांत जे काही लागे ते नेमकं २ लाख ९९ हजारांचं लागे. पुढे मर्यादा १० लाखांवर गेली आणि गरजाही वाढल्या. प्रभागवार बाकडी, उद्यानवार बाकडी, सकाळच्या फिरायला जाणाऱ्यांसाठी निराळी बाकडी.

किंवा एक आकडा पाठ करा: पाच दोन दोन. महापालिका अधिनियमाच्या अनुसूचीतल्या प्रकरण ५ चा नियम २(२). स्थायी समितीच्या, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या समितीच्या, मान्यतेने, कारणं नोंदवून, निविदा न मागवता काम देता येतं. कारण मात्र तातडीचं हवं. बाकड्याची कसली तातडी? पालखी येतेय ना! पालखी आषाढी वारीला निघते आणि पाऊस जूनमध्ये येतो, या दोन्ही गोष्टी महापालिकेला दरवर्षी नव्याने कळतात. मुंबई महापालिकेबद्दलचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा, विशेष अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यात सुमारे २१४ कोटींची २० कामं निविदेशिवाय दिलेली निघाली, आणि सुमारे ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत ठेकेदाराशी करारच नव्हता. तुम्ही उगाच स्टॅम्प पेपर आणायला निघाला होतात.

आता स्थायी समिती. मुंबई सोडली तर सोळा सदस्य, दरवर्षी निम्मे निवृत्त, आणि पहिल्या वर्षी कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून. वर्षभरच मिळेल ही शक्यता असल्याने मंडळी अभ्यास फार लवकर करतात. तुमचा विषय विषयपत्रिकेवर आणू नका, लोक वाचतात. तो ऐनवेळी आणा. ठरावात 'सविस्तर चर्चेअंती' असं लिहिलेलं येईल. ती चर्चा मी एकदा प्रेक्षक म्हणून ऐकली आहे: 'मंजूर?' 'मंजूर.' विषय तहकूब झाला तर मनाला लावून घेऊ नका. तहकुबी म्हणजे नकार नव्हे, 'भेटून जा' असा निरोप आहे. विरोधी पक्षाने सभात्याग केला तर त्यांच्याही प्रभागात पन्नास बाकडी धरा. पुढच्या सभेला बसतील. आणि कुणी मंत्रालय गाठलं, त्याच अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकारकडून ठरावाला स्थगिती आणली, तरी धीर सोडू नका. ती उठतेही.

मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा लोकांना वाटलं हा सगळा खेळ संपला. संपला नाही, आटोपशीर झाला. आयुक्त प्रस्ताव पाठवायचे आणि तेच प्रशासक म्हणून मंजूर करायचे. एकाच पेनाने, एकाच खुर्चीत, कुणाशी मतभेद म्हणून नाहीत. निवडून आलेल्या सोळांना जमली नसती अशी एकवाक्यता.

तर कार्यादेश हाती आला. आता बाकडी बसवायला प्रभागात जा. ठरलेल्या जागी पिंपळाखाली आधीच एक बाकडं असेल, मजबूत, त्यावर आजोबा बसलेले, आणि पाठीवर मागच्या नगरसेवकाचं नाव. आजोबांना उठवू नका. बाकडं उचलायचंही नाही. नाव बदलायच्या रंगकामाची निविदा निराळी असते, आणि वहिनींची फर्म आता अनुभवी झाली आहे.